तहकूब सभा आणि ‘बी चारशेतीन’

शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आशालता परुळेकर पंपाच्या खोलीत पाइपाला कान लावून उभ्या होत्या. पाइप कोरडा होता. पाणी यायच्या आधी त्यातून हवा फुसफुसत येते, मग खालच्या टाकीत पहिली पिचकारी उडते. आशालताबाईंना हवेचा आवाज आला की पुरतं.

मोठ्या पाइपलाइनचं काम निघाल्यामुळे गुरुवार रात्रीपासून विरारमधल्या बोळिंजच्या त्या भागात पाणी नव्हतं. शनिवारी येईल, नाहीतर रविवारी, एवढंच कळलं होतं. ते आजच यावं, असं दोन्ही विंगमधल्या प्रत्येक घराला वाटत होतं. अपवाद फक्त बी विंगमधल्या चारशेतीन नंबरच्या फ्लॅटचा, आणि तो फ्लॅट सोसायटीच्या सेक्रेटरीचा, म्हणजे आशालताबाईंचाच होता.

त्यांची मुलगी उन्नती वर आपल्या खोलीत अल्बमचं शेवटचं गाणं रेकॉर्ड करायच्या तयारीत होती. ज्या पाइपातून मोटर गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवते, तो तिच्या खोलीच्या भिंतीला लागून जातो. मोटर सुरू झाली की भिंत घुमते आणि ती घुमघुम माइक पकडतो. रेकॉर्डिंग आणि पाणी एका वेळी होत नाही.

उन्नती एकतीस वर्षांची. विरारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी लोकांचं रक्त काढते, दुपारनंतर रॅप लिहिते. तिची पहिली दोन गाणी सात-आठ वर्षांपूर्वी इंटरनेटवर आली आणि पोरांनी ती डोक्यावर घेतली. त्या जोरावर तिनं ‘बी चारशेतीन’ नावाच्या अल्बमची तारीख जाहीर केली. ती तारीख गेली. ठेके बनवणारा मित्र बंगळुरूला गेला आणि ठेकेही घेऊन गेला. दुसरी तारीख टाळेबंदीत गेली. तिसऱ्या वेळी तिनं अंधेरीच्या स्टुडिओत सगळी गाणी रेकॉर्ड केली, घरी येऊन ऐकली आणि पुसून टाकली.

“का गं?” आशालताबाईंनी विचारलं होतं.

“तिथं माझा आवाज भाड्यानं राहिल्यासारखा वाटतो.”

मग तिनं बाबांचं कपाट उघडलं, माइक आत शर्टांसमोर टांगला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. परुळेकर जाऊन नऊ वर्षं झाली. लोंबत्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, असं साउंड बघणाऱ्या सॅन्टनचं म्हणणं. म्हणून ते शर्ट कोणाला देऊन टाकले गेले नाहीत.

दरम्यान बाहेर वाट पाहणं वाढत गेलं. नाक्याजवळच्या मोकळ्या प्लॉटच्या भिंतीवर कोणीतरी ‘बी चारशेतीन कधी?’ असं रंगवलं. नाशिकहून दोन मुलं नुसता सोसायटीच्या गेटचा फोटो काढायला आली. भाजीवालीही कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकताना विचारायची, “परुळेकरबाई, पोरीचं आलं का?” आशालताबाई म्हणायच्या, “आलं की पाट्या लावू.” त्यांना त्या विचारण्याचा राग येत नसे. आपल्या मुलीची कोणी वाट पाहतंय, ही त्यांच्या मते चांगली गोष्ट होती.

इमारतीचं प्रकरण मात्र वेगळं होतं. जगानं न ऐकलेला अल्बम इमारतीला तोंडपाठ होता. उन्नतीचा आवाज दोन विंगमधल्या उभ्या पोकळीतून, म्हणजे डक्टमधून, खाली उतरायचा आणि प्रत्येक स्वयंपाकघरात पोचायचा. ठेका तिच्या कानात असायचा, लोकांना नुसते शब्द ऐकू यायचे, तेही पन्नास-पन्नास वेळा. त्यामुळे प्रत्येकाला त्यावर मत होतं. “दुसऱ्या कडव्यात घाई करते,” असं ए विंगमधली एक बाई पोळ्या लाटता लाटता सांगायची.

सगळ्यात ठाम मत पहिल्या मजल्यावरच्या आत्माराम सामंतांचं. बँकेतून निवृत्त झालेले, मालवणचे, सोसायटीचे अध्यक्ष. आवाजाबद्दल त्यांनी सेक्रेटरीकडे तीन लेखी अर्ज दिले होते. उन्नतीनं एका गाण्यात त्यांच्यावर दोन ओळी केल्या होत्या, पण चौथा अर्ज नको म्हणून दोन वर्षांपूर्वी त्या काढून टाकल्या. त्यानंतर सामंत जिन्यात भेटले की आशालताबाईंना म्हणायचे, “ते जुनं कडवं बरं होतं हो. उगाच बदललंन.”

यावेळची तारीख रविवार, सकाळी दहा. ती हुकली असती तर पुढची नव्हती. सॅन्टन जवळच्या नंदाखाल गावचा, चर्चच्या क्वायरमध्ये कीबोर्ड वाजवतो आणि सोमवारी आठ महिन्यांसाठी क्रूझवर वाजवायला निघणार होता. उन्नतीनं आईला शुक्रवारी जेवताना सांगून टाकलं होतं, “या वेळी नाही झालं तर मी थांबते, आई. हसं होतं आता.” आशालताबाईंनी तिच्या ताटात आमटी वाढली.

करण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं. आधीचा सेक्रेटरी स्वतःच्या विंगला आधी पाणी सोडायचा. त्यावरून भांडण पेटलं, तेव्हा टेलिफोन खात्यात चोवीस वर्षं नोकरी केलेल्या या बाईला लोकांनी निवडून दिलं. त्यांनी पहिल्याच सभेत नियम करून घेतला : पाणी आलं की पंधरा मिनिटांच्या आत मोटर. कोणाचं लग्न असो, पूजा असो, नियम तोच. त्याला अकरा वर्षं झाली. सेक्रेटरीनं स्वतःच्या घरासाठी मोटर पुढेमागे केली, असं एकही माणूस म्हणू शकत नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना अल्बमाइतकाच अभिमान होता.

अडीचच्या सुमाराला पाइपात हवा फुसफुसली. पाणी आलं.

आशालताबाई चार जिने चढून वर गेल्या. फोन केला असता तरी चाललं असतं, पण हे फोनवर सांगायचं नव्हतं. सॅन्टन हेडफोन लावून जमिनीवर मांडी घालून बसला होता. उन्नती कपाटासमोर उभी होती.

“पाणी आलं,” त्या म्हणाल्या.

सॅन्टननं हेडफोन काढला. “आंटी, अर्धा तास. फक्त अर्धा तास द्या. संध्याकाळी मला क्वायर आहे, मग रात्रभर मिक्सिंग.”

“नाही देता येणार.”

“अहो, तुमचीच मुलगी...”

“म्हणूनच नाही देता येणार.”

उन्नती सॅन्टनला म्हणाली, “सोड. तिला नको विचारूस.” आणि आईकडे वळून, “जा तू. लाव.” आवाजात राग नव्हता. राग असता तर आशालताबाईंना उतरणं सोपं गेलं असतं.

त्या खाली आल्या तेव्हा पंपाच्या खोलीच्या दारात सामंत उभे होते. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात मोबाइल.

“सरका, सामंत. मोटर लावायची आहे.”

“वर चाललंय ना तिचं?”

“चाललंय. सरका.”

सामंत सरकले नाहीत. “आशालताबाई, मी अध्यक्ष म्हणून तातडीची सर्वसाधारण सभा बोलावतोय. इथं. आत्ता. विषय, मोटर लावणे.”

“काहीतरीच काय! सभेला आधी नोटीस लागते.”

“हरकत पुढच्या सभेत नोंदवा. लेखी. मी तीन अर्ज दिलेत, तुम्ही एक द्या.” त्यांनी मोबाइल पुढे धरला. सोसायटीच्या ग्रुपवर संदेश गेलाही होता : ‘तातडीची सभा, पंपाच्या खोलीसमोर. विषय मोटर. चारशेतीनमध्ये रेकॉर्डिंग चालू आहे. सभासदांनी आपापल्या सोयीनं यावं.’

आशालताबाईंनी तो दोनदा वाचला. सहकारी सोसायटीत ज्यानं वर्षं काढली त्याला पुढचं सांगावं लागत नाही. सभेला वीस सभासद लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब होते. अर्ध्या तासानं ती त्याच जागी भरते आणि मग कितीही माणसं चालतात. तोवर विषयावर निर्णय घेता येत नाही, आणि सभेपुढे असलेल्या विषयात सेक्रेटरीला परस्पर काही करता येत नाही.

“सभासद किती हजर?” सामंतांनी विचारलं.

“दोन.”

“लागतात किती?”

“वीस.” आशालताबाईंनी वर पाहिलं. दोन्ही विंगच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. गुरुवारपासून पिंपातलं पाणी पुरवून वापरणारी, भांडी न घासता मोरीत रचून ठेवलेली माणसं कठड्याला टेकून उभी होती. खाली कोणी येत नव्हतं. ए विंगचा नवा सभासद संदेश शब्दशः घेऊन जिना उतरायला लागला, त्याला त्याच्या बायकोनं शर्टाला धरून मागे ओढलं.

“गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब,” सामंत म्हणाले आणि पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसले. “बसा. तुमच्या नियमाला धक्का लागलेला नाही.”

“पण तळमजल्यावर ते म्हातारं जोडपं आहे. त्यांच्याकडे पाणी...”

“त्यांना मी हंडा भरून दिलाय. बसा म्हणतो ना.”

त्या बसल्या. इमारत गप्प झाली. कोणी मिक्सर लावला नाही. एका घरात कुकरची पहिली शिट्टी होणार तोच गॅस बंद झाला. सायकलची घंटी वाजवत गेटमधून आत शिरणाऱ्या मुलीला तीन गॅलऱ्यांतून एकदम “श्श!” ऐकावं लागलं. चौथ्या मजल्याच्या खिडक्या बंद होत्या, तरी डक्टमधून शब्द येतच होते.

*पत्ता माझा सोपा, नाक्यावर विचार,*
*लिफ्ट बंद आहे, जिने चढ चार.*
*दारावर पाटी आईच्या नावाची,*
*गरज नाही मला दुसऱ्या गावाची.*

आशालताबाईंनी हे शंभरदा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी त्या काहीतरी निवडत, घासत, वाळत घालत होत्या. हातात काम नसताना ऐकण्याची ही पहिली वेळ. त्यांनी पदर नीट केला आणि ताठ बसल्या.

वर आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, अडखळला, परत पहिल्यापासून लागला. घड्याळात अर्धा तास भरला. चौथ्या मजल्यावरून काहीच खूण नव्हती.

आशालताबाई उठल्या. “सभा पुन्हा भरली. विषय मोटर लावणे. सूचक मी.”

वरून कोणीतरी दबक्या आवाजात ओरडलं, “थांबा ना, काकू!”

“ठराव मांडलाय,” त्या म्हणाल्या. “अर्धा तास म्हणजे अर्धा तास.” त्यांचा हात बटणाकडे गेला.

“एक मिनिट,” सामंत म्हणाले. “अध्यक्षीय भाषण राहिलं.”

“सामंत!”

“अध्यक्षाचा अधिकार आहे तो.” त्यांनी टॉवेल खांद्यावर नीट केला आणि कुजबुजत्या आवाजात भाषण सुरू केलं. सोसायटीची स्थापना, पहिल्या वर्षीचा टँकर, गच्चीची गळती, मग लिफ्टच्या कंत्राटदाराचा पूर्ण इतिहास. आशालताबाईंचा हात बटणावर होता आणि त्या अध्यक्षाला मध्ये तोडू शकत नव्हत्या. भाषण पार्किंगच्या पट्ट्यांपर्यंत आलं तेव्हा चौथ्या मजल्याची खिडकी उघडली. सॅन्टननं बाहेर वाकून दोन्ही अंगठे वर केले.

“...आणि एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो,” सामंत म्हणाले. “अनुमोदक कोण?”

सगळ्या गॅलऱ्या एकदम ओरडल्या. आशालताबाईंनी बटण दाबलं. मोटर लागली.

रविवारी सकाळी दहाला ‘बी चारशेतीन’ आला. आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कोणाचा तरी स्पीकर आला. चहा सोसायटीचा नव्हता, वर्गणीचा होता, हे सेक्रेटरींनी आधी स्पष्ट केलं. रात्रभर जागलेली उन्नती जिन्याच्या पायरीवर बसली होती. शब्द सगळ्यांना पाठ होते, पण ठेक्यासह ते कोणीच ऐकले नव्हते, त्यामुळे पहिल्या गाण्यात माणसं जराशी बावरली. शेवटच्या गाण्यापर्यंत सगळे म्हणत होते. आणि मग, जिथं बदललेलं कडवं यायचं, तिथं रात्री इमारत झोपल्यावर हळू आवाजात रेकॉर्ड केलेलं दुसरंच आलं :

*पहिल्या मजल्यावरून अर्ज येतो, आवाज कर कमी,*
*अर्ज लिहिणारा ठेका धरतो, याची देते हमी.*

सामंतांनी चहाचा कप खाली ठेवला. “मागे घे रे ते,” ते स्पीकरवाल्याला म्हणाले. “नीट ऐकू आलं नाही.”

“आलं की, काका,” उन्नती म्हणाली.

“पहिल्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. मी कसा, दुसरा कोणी असेल.” पण त्यांनी ते तीनदा मागे घ्यायला लावलं.

संध्याकाळपर्यंत अनोळखी माणसं गेटवर येऊन फोटो काढत होती. एका मुलानं आशालताबाईंना विचारलं, “तुम्ही त्यांच्या आई ना?” त्या म्हणाल्या, “हो. आणि या सोसायटीची सेक्रेटरी.” मग गेटजवळच्या फळ्यावर त्यांनी शनिवारच्या सभेचा वृत्तांत लिहिला : गणपूर्तीअभावी तहकूब, अर्ध्या तासानं पुन्हा भरली, अध्यक्षांचं भाषण झालं, ठराव एकमतानं मंजूर. खाली थोडी जागा उरली होती. हात झटकून त्यांनी खडू पुन्हा उचलला आणि लिहिलं : उद्या सोमवार. पाणी सकाळी सव्वासहाला, मोटर साडेसहाला.