न्हाणीमागचे टमाटे

मास्तरकीत दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात. त्यात चार मास्तरांची बिऱ्हाडं एका अंगणाभोवती असली की विचारूच नका! उमरग्याला आमच्या चाळीतले निम्मे किस्से एकट्या राधाकाकूंचे. काकू म्हणजे ड्रॉइंगमास्तरांच्या मंडळी. निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. काकूंनी सोलापूरहून बी मागवलं आणि न्हाणीच्या पाण्यावर टमाटे पिकवले. तसे टमाटे मी पुन्हा कुठं खाल्ले नाहीत.

अडचण एकच होती. काकूंचे सासरे तुळजापूरचे जुने पुजारी. त्यांना काकू मामंजी म्हणत, म्हणून आम्हीही मामंजीच म्हणायचो. ते म्हणत, "लाल रस, लाल गर! हे मांसाचंच भावंड. माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही!" मग काकू अंगणात तीन दगडांच्या चुलीवर टमाटे शिजवायच्या आणि हातपाय धुऊन घरात जायच्या. सगळी चाळ बोटं चाटायची, पण घरचं वडील माणूस चवही घेत नाही, हे काकूंना फार लागायचं.

* * *

टमाटा बुडाशी तांबूस झाला की काकू देठासकट तोडायच्या आणि भुशात घालून पिकवायच्या. झाडावर पिकू दिला तर पोपटांची पंगत आधी बसते! एकदा हेडमास्तर पिशवी घेऊनच आले.

"परवा या," काकू म्हणाल्या.

"अहो, तोडलेत की!"

"पेपर झाला की लगेच निकाल लावता का तुम्ही?"

हेडमास्तर हसत रिकामी पिशवी घेऊन गेले. परवा दिवशी दूधवाल्याच्या आधी दारात हजर!

* * *

हा भुसा असायचा पलंगाखाली. नासका टमाटा शेजाऱ्यांना घेऊन बुडतो, म्हणून रोज सकाळी निवडायचे, हा काकूंचा कायदा. एकदा शाळा तपासायला आलेले इन्स्पेक्टरसाहेब काकूंकडे मुक्कामाला राहिले आणि त्याच पलंगावर झोपले. उजाडल्यावर पाहतात तो पलंगाखालून दोन पाय बाहेर!

"कोण आहे?"

"मी. ड्रॉइंगमास्तर."

साहेब दचकून उठून बसले. तेवढ्यात दारातून काकू म्हणाल्या, "निजा साहेब. तुमची तपासणी अकराला, आमची उजाडताच असते!"

* * *

गॅदरिंगला आम्ही मास्तरांनी हट्टानं टमाट्याचं सार केलं. शाळेचं मोठं पितळी पातेलं, त्याची कल्हई कधीच उडालेली. आंबट सार पितळेला लागून कळकलं. काकूंनी थेंबभर जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "सार झकास शिजलंय. पातेलं तेवढं कच्चं राहिलं!"

मग त्यांनीच माळवदावर मीठ लावून वाळवलेल्या फोडींची बरणी उघडली. मडक्यात नवं सार चढलं आणि आमची अब्रू वाचली. त्या दिवशी काकूंच्या पाया पडावंसं वाटलं, खरंच सांगतो.

* * *

आणि एका थंडीत मामंजी तापानं आडवे झाले. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. पेज नको, भात नको, दूध पाहिलं की तोंड फिरवायचे. अंग पार वाळलं. "दोन घास तरी घ्या हो," म्हणत काकू रडकुंडीला आल्या.

त्या दुपारी त्या अंगणात पोरांसाठी सार करत होत्या. तुपाजिऱ्याची फोडणी बसली आणि कढीपत्त्याचा वास ओसरीवर गेला. मामंजींनी डोळे उघडले.

"सूनबाई, काय शिजतंय ते?"

काकू घाबरल्याच. "टमाट्याचं सार. त्रास होत असेल तर झाकते, मामंजी."

आम्ही आपापल्या दारात श्वास रोखून उभे. मामंजी काठी टेकत हळूहळू उठले.

"हे बघ. स्वयंपाकघरात ते यायचं नाही म्हणजे नाही! मी शब्द बदलणार नाही."

"बरं, मामंजी."

"माझा पाट तिकडं चुलीपाशी मांड."