मे नको, डिसेंबरात या

बेंगळुरूची हवा बाराही महिने चांगली असते असे जो कोणी म्हणतो, त्याचा मला आजही संताप येतो. असे म्हणणारा माणूस एक तर येथे दोन दिवस राहून गेलेला असतो, किंवा त्याच्या घरी पाणी दुसरे कोणी भरत असते. नव्वदीच्या त्या वर्षांत के. आर. पुरममधील आमच्या गल्लीला एक दिवसाआड पाणी येई. मे महिन्यात तेही बंद होई. मग लॉरी येई आणि बायका घागरी घेऊन तिच्यामागे धावत. त्यामुळे पाहुण्यांनी कोणत्या ऋतूत यावे, याविषयी माझे मत अधिकाराचे होते. ते मत चुकीचे नव्हते, हे मी आधीच नमूद करून ठेवतो.

मी तालुका कचेरीसमोर अर्जनवीस होतो. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. परंतु पदवी घेतलेले तरुण माझ्या पेटीसमोर उकिडवे बसून मजकूर सांगत आणि मी तो सुधारून लिहीत असे. माझ्या हातचा अर्ज ‘नीट लिहून आणा’ म्हणून साहेबांच्या टेबलावरून कधी परत आला नाही. आमच्या धंद्याचा एक नियम आहे. लिहिलेले सर्व अर्जदाराला वाचून दाखवायचे आणि त्याने ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, असे म्हटल्यावरच त्याचा अंगठा घ्यायचा. वीस वर्षांत मी हा नियम कचेरीसमोर एकदाही मोडला नाही.

माझ्या पत्नीला सहीपुरतीच अक्षरे येत. तिची थोरली बहीण लग्न होऊन नागपूरला गेलेली. दोघींची आठ वर्षे भेट नव्हती. एका फेब्रुवारीत त्या बहिणीचे पत्र आले. तेही तिच्या मुलाच्या अक्षरातले. बेंगळुरू एकदा बघावे असे मनात आहे, केव्हा येऊ ते कळव, एवढाच मजकूर होता. पत्नी त्याच संध्याकाळी आंतर्देशीय पत्र घेऊन माझ्यासमोर बसली. “अक्काला लिहा, मेमध्ये ये. स्वल्प पाण्याचा त्रास आहे, पण ये म्हणावं.”

मी लिहिले, मात्र माझ्या पद्धतीने लिहिले. केव्हा येऊ, हा प्रश्न होता आणि प्रश्नाला उत्तर साधार द्यावे अशी माझी सवय. मे महिन्यातील पाणीटंचाई, वळवाच्या पावसात गल्लीत होणारा चिखल, पावसाळाभर न वाळणारे कपडे, हे सारे क्रमाने मांडले. डिसेंबरातली कोवळी थंडी आणि बाजारात येणारे अवरेकाळू, म्हणजे वालाचे ओले दाणे, यांची शिफारस केली. ‘सबब मे नको, डिसेंबरात यावे’ असा शेवट केला. असा बांधेसूद मजकूर माझ्या हातून क्वचितच उतरला असेल. पत्नीने विचारले, लिहिले का. मी म्हणालो, लिहिले. अंगठा घ्यायचा नव्हता, म्हणून वाचून दाखवले नाही.

उत्तर येईना. पत्नीने ते होकारार्थी धरले. तिने गच्चीवर संडगे घातले, शेजारून जादा पिंप मागून आणले, बहिणीसाठी पितळी तांब्या घासून वेगळा ठेवला. मी हे पाहत होतो. नागपूरहून येऊन येऊन डिसेंबरातच येतील, तोवर कशाला बोला, असे मनाशी म्हणत मी गप्प राहिलो.

मेच्या पहिल्या आठवड्यात पत्र आले, तेव्हा मी कचेरीसमोर होतो. वरच्या खोलीत पुण्याचा एक तरुण भाड्याने राहत असे. कोरमंगल्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाई. पत्नीने पत्र त्याच्याकडून वाचून घेतले. बहिणीने लिहिले होते: ‘भाऊजींनी कळवलं, मेमध्ये तुमच्याकडे पाण्याचे हाल असतात. वसतिगृहातली मुलं मेमध्येच घरी जातात, तेवढीच मला स्वयंपाकातून सुटी. डिसेंबरात चूल सोडून कशी येऊ? तुमची अडचण समजली. राग नाही.’

मी घरी आलो तो त्या पोरावरच भडकलो. दुसऱ्याच्या घरचे पत्र वाचण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असे विचारले. तो म्हणाला, “काका, त्यांनी वाच म्हटलं, मी वाचलं. लिहिलं तर तुम्हीच होतं ना?” पुण्याची ही जीभ मला मुळीच सहन होत नाही. त्याला वर पाठवून मी पत्नीकडे वळलो आणि पाण्याचा मुद्दा पुन्हा मांडू लागलो.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कचेरीत परक्या माणसाला वाचून दाखवता. मला का नाही दाखवलं?”

मी म्हणालो, पाणी नसते हे खरे की खोटे?

“पाणी मी आणते. तुम्ही आजवर एक घागर तरी आणलीत? अक्का ‘येऊ का’ म्हणून विचारत होती. तुम्ही तिला हवा सांगितलीत.”

मी अधिकच चिडून पाण्याचा मुद्दा तिसऱ्यांदा मांडला. चार दिवसांनी ती नागपूरला निघाली. मेमध्ये नागपुरात पाऊल टाकणे म्हणजे भट्टीत शिरणे, हे मी परोपरीने सांगितले. आरक्षण नव्हते. गर्दीच्या डब्यात दाराजवळ संडग्यांचा डबा मांडीवर घेऊन ती बसली. परत केव्हा येशील, असे मी फलाटावरून विचारले. “अक्का जा म्हणेल तेव्हा,” ती म्हणाली. आजूबाजूचे लोक हसले. मी त्यांच्यावरही ओरडलो.

वसतिगृह उघडल्यावर, जूनमध्ये, ती परतली. रापलेली आणि आनंदात. त्यानंतर दर फेब्रुवारीत ती बहिणीला बोलावणे धाडी, वरच्या भाडेकरूकडून लिहून घेऊन. नागपूरहून ख्यालीखुशालीची पत्रे नियमित येत. येण्याविषयी मात्र बहीण प्रत्येक वेळी एकच ओळ लिही: तुम्हाला कशाला त्रास, तूच ये.