सखूबाईची आरोळी

भोर भागातल्या फुटबॉल सामन्यांत 'आलं रं आलं, हाण माघारी!' ही आरोळी कुठल्या गावाची, यावरून शिवरे आणि कामथडीची पोरं दरवर्षी एकमेकांची डोकी फोडायची. खरं तर ती तिसऱ्याच गावच्या, पासलीच्या सखूबाईची. भातात रानडुकरं शिरली की ती बांधावरून हेच ओरडायची. दहा-बारा वर्षांपूर्वी, कापणी झाल्यावर, तिच्याच खाचरात या दोन गावांचा सामना रंगला. चेंडू तिच्या भाताच्या भाऱ्यांवर चालून आला, तेव्हा सवयीनं तेच तोंडून निघालं, आणि सगळी गर्दी तिच्यामागं ओरडली.

शेवटी एका वर्षी तालुक्याच्या पुढाऱ्यानं समेट घडवला. आरोळी दोन्ही गावांच्या पूर्वजांची ठरली, मैदानावर समारंभ करून तसा फलकही लागला.

"पूर्वज? आवो, मी अजून जित्ती हाय!" सखूबाई कडाडली.

"आजी, तुमाला फुटबॉल कळतो व्हय?" पुढारी हसला. हातात नारळ देऊन त्यानं तिला मागच्या खुर्चीवर बसवलं.

पुढच्या हंगामात डुकरं भातात शिरली. ओठांवर आलेली आरोळी सखूबाईनं गिळली आणि पत्र्याचा डबा बडवत सुटली. दुसऱ्याच्या मालाला हात लावायची खोड तिला कधीच नव्हती.