ओल्या गोणपाटाखालचा रस्ता

त्यांनी हात वर केला की पोकलेन थांबायचं. उंची जेमतेम पाच फूट, पिवळं जॅकेट गुडघ्यापर्यंत आलेलं. पण तळहात असा दाखवायच्या की आमचा सहा फुटी ऑपरेटर मुकाट्यानं इंजिन बंद करायचा. मग चरात वाकून बघत त्या मला म्हणायच्या, "थांबा हं. इथून कोणीतरी गेलंय."

तुम्ही कुठल्याही साइटवर काम केलं असेल, तर असं माणूस तुम्हाला माहीत असेल. ते आलं की वेळापत्रकाचे तीनतेरा. मी सांगलीचा सिव्हिल इंजिनिअर. अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या एका जुन्या रस्त्याखाली आम्ही सांडपाण्याची नवी लाइन टाकत होतो. तिथे खणताना पुरातत्त्वाचा जाणकार हजर हवा, अशी अट होती. आमच्या वाट्याला या आल्या.

पहिला आठवडा आम्ही एकमेकांशी इंग्रजीतच बोललो. मग एकदा त्यांचा पाय घसरला आणि चिखलात बसकण मारत त्या ओरडल्या, "अरे बाप्पा!"

"नागपूर?" मी विचारलं.

"नागपुरातलं इंदोरा!" त्या बसल्या जागेवरूनच हसल्या. तेव्हापासून त्या माझ्या ताई झाल्या.

ताईंची उमेदीची वर्षं इंग्लंडमधल्या एका जुन्या शहरात गेली होती. तिथे म्हणे दुकानांच्या तळघरांखाली रोमन लोकांचे रस्ते निघतात. सोनंनाणं काही मिळालं का, असं सगळे विचारायचे. ताई सांगायच्या ते खिळ्यांबद्दल. रोमन शिपायांच्या जोड्यांना तळाशी लोखंडी खिळे असत; चालताना ते गळून रस्त्यात रुतून बसत. आणि एका कौलाबद्दल. ओलं असताना कोणीतरी ते वाळत टाकलं आणि त्यावरून कुत्रं गेलं. त्याचा पंजा अजून तसाच. "राजाचं नाव कोणीही लिहून ठेवते हो," त्या म्हणायच्या. "त्या कुत्र्याचं कोण लिहिणार?"

मला हे ऐकायला आवडायचं. पण खरं सांगतो, लंच ब्रेकपुरतं.

जुलैतल्या एका शुक्रवारी त्यांची ट्रेन अडकली. नियमानं मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. सहा फुटांवर काळे ओंडके लागले, एकाला एक चिकटून आडवे पडलेले. मी मनाशी म्हटलं, जुनं शटरिंग. आपल्याकडे काम उरकलं की फळ्या-बल्ल्या तशाच गाडून लोक पुढे जातात, मी हजारदा पाहिलंय. "काढ रे," मी ऑपरेटरला सांगितलं. दोन ओंडके निघाले. तिसऱ्याला पोकलेनचा दात लागला आणि ताई येऊन पोचल्या.

या वेळी हात वर झाला नाही. त्या तशाच चरात उतरल्या, उरलेल्या ओंडक्यांवरचा चिखल बोटांनी पुसला आणि वर माझ्याकडे बघितलं. "काय करून राहिले तुम्ही?"

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. तेच जास्त लागलं.

मग त्यांनी मला खाली बोलावून दाखवलं. पूर्वी इथे दलदल होती. गाड्या रुतू नयेत म्हणून लोकांनी झाडं तोडून शेजारी शेजारी अंथरली होती. लाकडावर चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या होत्या. "इथून कोणीतरी गेलंय, इंजिनिअरसाहेब. रोज गेलंय."

ताईंनी वर कळवलं. सोमवारी पुरातत्त्वाचे अधिकारी येऊन बघणार आणि लाइन वळवायची की रस्ता तोडायचा ते ठरवणार होते. अडचण वेगळीच होती. इतकी वर्षं त्या लाकडाला ओल्या चिखलानं जपलं होतं. उन्हात दोन दिवस वाळलं तर ते तडकणार आणि चाकोऱ्या जाणार. मग तो नुसता भुगा. भुग्यासाठी कोण पाइपलाइन वळवतो?

"ओलं ठेवायचंय ना? ते माझ्यावर सोडा," मी म्हटलं. स्लॅबवर गोणपाट टाकून पाणी मारण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली आहेत. देशी दुकानांतून बासमतीची रिकामी पोती मागून आणली. शनिवार-रविवार साइट बंद, आम्ही दोघंच. उपटलेले दोन ओंडके ढिगाऱ्यातून शोधले, चिठ्ठ्या बांधल्या, जागेवर नेऊन ठेवले. दर तासाला पाणी.

"ताई, माझं चुकलं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात पाणी कमी पडलंय बघा."

सोमवारी अधिकाऱ्यांनी पोतं उचललं. चाकोऱ्या जशाच्या तशा. ते गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिले. लाइन पलीकडच्या कडेनं न्यायची, असं ठरलं. मला इतका आनंद झाला की स्वतःचंच आश्चर्य वाटलं; वेळापत्रक तर माझंच कोलमडलं होतं.

आठवड्याभरात मोजमापं, फोटो झाले. मग ओंडक्यांवर तोच ओला चिखल, वर वाळू, वर डांबर. मला वाईट वाटलं. "आता कोणाला दिसणार, ताई?"

"दिसायला कशाला पाहिजे? आहे ना!" त्या अगदी खुशीत होत्या.

पुढच्या कामासाठी त्या ओहायोला गेल्या. जाण्याआधी त्यांनी मला शहराकडे जमा होणाऱ्या शेवटच्या नकाशावर एक तुटक रेष काढायला लावली: लाकडी रस्ता, खणू नये. नकाशावर इंजिनिअरचंच नाव लागतं, म्हणून त्या रेषेखाली सही माझी आहे.

गेल्या महिन्यात फोन आला. गॅसच्या लाइनवर काम करणारी एक तरुण इंजिनिअर होती. त्याच रस्त्यावर खणायला निघाली होती, नकाशातली रेष बघून तिनं आपली लाइन बाजूला घेतली. "थँक यू फॉर सेव्हिंग इट, सर," ती म्हणाली.

"मी वाचवला नाही," मी तिला सांगितलं. "मी त्यातले दोन ओंडके उपटणारा माणूस. ज्यांनी वाचवला त्यांचा नंबर देतो, लिहून घे."