मागे आणलेली चिठ्ठी

साकीनाक्याच्या एका कंपनीत सोसायट्यांच्या तक्रारींचं अ‍ॅप बनतं. तिथे जानकी सावंत अठरा वर्षं एकच काम करते, पोरांनी बनवलेल्यातल्या चुका शोधायच्या. आणि बाई शोधते हो, अगदी माशातला काटा काढावा तशी!

यंदा मालक सुबोध सरांनी फर्मान काढलं, आता अजाइल! म्हणजे सहा महिन्यांनी एकदम नाही, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पुरं करून गिऱ्हाइकाला दाखवायचं. टीमची म्होरकी श्रुतिका, तिने भिंतीवर फळा लावला. रकाने तीन: करायचंय, चालू, झालं. एकेका कामाची एकेक चिठ्ठी, काम सरकेल तशी पुढच्या रकान्यात चिकटवायची. सरांनी मुहूर्त बघून नारळ फोडला, फळ्याला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. जानकीने पेढा न खाता तसाच टेबलावर ठेवला. तपासणीचा रकानाच नाही! म्हणजे आपली गरज संपली, आता बसा बोरीवलीला घरी.

तेराव्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या 'झालं'मध्ये. जानकीने सवयीने अ‍ॅप उघडून 'लिफ्ट बंद आहे' अशी तक्रार टाकली. लगेच उत्तर, 'तक्रार मिटली.' अगो बाय माझे! लिफ्टवाला यायच्या आधीच? तिने 'तक्रार मिटवणे' ही चिठ्ठी उचलली आणि परत 'चालू'त चिकटवली.

"अहो जानकीताई, काय करताय!" सर ओरडले. "पूजा केलेल्या फळ्यावर चिठ्ठी मागे? अपशकुन आहे तो. उद्या गिऱ्हाईक येतंय!"

चूक पोरांनाही ठाऊक होती, पण कुंकू लावलेल्या फळ्यावरची चिठ्ठी मागे घ्यायला कुणी धजत नव्हतं.

नोकरी जाणार, हे जानकीने धरूनच टाकलं. पण मालवणी तोंड ते, गप्प बसतंय थोडंच? "सर, नारळ देवासाठी फोडलात ना? मग त्याच्यासमोर खोटं कशाला लिहायचं?"

दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी रुक्मिणीबाई आल्या. श्रुतिकाने सरळ सांगून टाकलं, "तक्रार नोंदवता येते, पण मिटल्याचं चुकीचं दाखवतंय. ते अजून व्हायचंय."

"चालेल की," बाई म्हणाल्या. "आमच्या जुन्या अ‍ॅपमध्ये सगळं मिटलेलंच असायचं. म्हणून तर तुमच्याकडे आले."

सोमवारी सरांनी स्वतः फळ्यावर चौथा रकाना आखला, 'तपासायचंय'. त्यालाही कुंकू लावलं.

"म्हणजे मी राहते ना, सर?"

"अहो, तुम्ही गेलात तर चिठ्ठी मागे कोण आणणार?"

जानकीला भर ऑफिसात रडू फुटलं. ओढणीने डोळे पुसत ती श्रुतिकाला म्हणाली, "पेढे मागव गं परत. मागचा मी खाल्लाच नव्हता."