तफीदा मरायला तयार नव्हती

वरच्या मजल्यावरची तफीदा मरायला तयार नव्हती. निदान नात पंधरा वर्षांची होईपर्यंत तरी नाहीच. डॉक्टरने साखरेचा आजार सांगितला त्या दिवशी तिने पाकातलं मशब्बक कायमचं सोडलं, आणि मिठाईसाठी नावाजलेल्या आमच्या दुमयात गावच्या बाईने मशब्बक सोडणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक. जिन्यात तिला धाप लागली की मी म्हणायची, "बाई, जरा टेक इथे." ती म्हणायची, "टेकले तर मौतीचा फरिश्ता इज्राईल गाठेल. माझा जीव न्यायला येतोच आहे तो, त्याला तुझ्याकडे चहाला बसवून ठेव."

एवढं कशासाठी जगायचं होतं तिला? कायद्यासाठी. ऐका, आणि डोकं फिरलं तर मला बोल लावू नका.

तफीदाची मुलगी रबाब. तिला नवऱ्याने, त्या वाएलने, सोडलं आणि लगेच दुसरी आणली. दुसरीपासून त्याला दोन पोरं झाली. त्याला कुणी काही विचारलं नाही. रबाबपासून झालेली मुलगी हना तेवढी आईकडे राहिली. पुढे काही वर्षांनी रबाबने सबरीशी निकाह लावला. सबरी फर्निचरला पॉलिश करणारा, गरीब स्वभावाचा. हनाची वेणी घालायलासुद्धा शिकला होता. झालं! आईने दुसरं लग्न केलं म्हणजे पोरीवरचा तिचा हक्क गेला. बापाने केलं ते लग्न आणि आईने केला तो गुन्हा. कोर्टाने हनाचा ताबा आईच्या आईकडे, म्हणजे तफीदाकडे दिला. पंधरा वर्षांची झाली की पोर स्वतः सांगू शकते कुणाकडे राहायचं ते. तोवर तफीदाने जगायचं.

रबाबचं नवं घर दोन गल्ल्या पलीकडे. ती पहाटे येऊन पोरीचा डबा करायची, शाळेतून आल्यावर अभ्यास घ्यायची, आणि पोर झोपली की नवऱ्याच्या घरी जायची. हनाला एक रात्र आपल्याकडे न्यायची सोय नव्हती. वाएलने गल्लीत माणूस पेरून ठेवलेला. पोर आईकडे झोपली की हा वकिलाला घेऊन दारात हजर. एवढा जीव होता म्हणावं पोरीवर, तर कोर्टाने ठरवून दिलेल्या भेटीच्या शुक्रवारी हना क्लबच्या बागेत नवा फ्रॉक घालून खुर्चीवर बसून राहायची आणि हा फिरकायचाच नाही. त्याला पोर नको होती, रबाबची जिरवायची होती.

गेल्या हिवाळ्यात तफीदाच्या पायाची जखम चिघळली आणि तिला हॉस्पिटलात हलवलं. वाएल संत्री घेऊन हजर.

"कशी आहे तब्येत, खाला?"

"तू फुकट खेप घातलीस," ती म्हणाली. "बरी आहे मी."

तो गेल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. "उम्म हातिम, मी गेले तर पोर त्याच्या आईकडे जाईल. म्हणजे त्याच्याच घरात."

खरंच होतं ते. रांगेत पुढचा नंबर बापाच्या आईचा. जन्म दिलेली आई समोर उभी, तिशीतली, धडधाकट, आणि तिचा नंबरच नाही. तफीदाने जिवाचं रान केलं, पण आठवड्याभरात गेली. हना तेव्हा अकराची होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही बायका तफीदाच्या घरी दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी घेऊन बसलो होतो. वाएल आला. सोबत त्याची आई, हाज्जा झीनात.

"हनाचे कपडे भरा," तो म्हणाला.

रबाब उठली. जिन्यात सबरी उभा होता, त्याच्यापुढे जाऊन म्हणाली, "मला तलाक दे. आत्ताच्या आत्ता."

दुसरा नवरा सुटला की आईचा हक्क परत येतो, हे सगळ्या गल्लीला माहीत. सुखाने नांदणाऱ्या बाईला पोर हवी तर तिने घर मोडायचं. मला तर वाटलं, हातातला कप वाएलच्या टाळक्यात घालावा.

"थांब गं," हाज्जा झीनात म्हणाली आणि लेकाकडे वळली. "ताबा कुणाला मिळणार? तुला का मला?"

"तुलाच आई. एकच झालं ना."

"एकच कसं? ईदपासून माझ्या खोलीत डोकावलास कधी? तुझी बायको माझं ताट दाराबाहेर ठेवून जाते. या पोरीचं ताटही तिथेच ठेवणार का?"

"आई, लोकांसमोर कशाला..."

"कपडे भरा म्हणालास ते काय कानात म्हणालास?" तिने चपला काढल्या आणि तफीदाच्या पलंगावर जाऊन बसली. "पोर माझ्याजवळ राहील आणि मी इथे राहणार. जा, माझं सामान घेऊन ये."

वाएलला जिना उतरावा लागला. बायकांनी म्हातारीला दुवा दिल्या. मीही दिल्या, पण माझा संताप काही जात नाही. हाज्जा सत्तरी ओलांडलेली, तिला रक्तदाब, छातीत सतत घरघर. उद्या तिचं काही झालं तर रबाब पुन्हा सबरीपुढे तेच मागत उभी राहील. म्हणून ज्या सासूच्या घरातून ती सुटली होती, त्याच सासूसाठी आता अळणी भाजी शिजवते, तिचे पाय चेपते. निघायच्या आधी म्हातारीच्या तोंडाजवळ कान नेऊन श्वास चालू आहे ना ते ऐकते. आणि शेजारी झोपलेल्या आपल्या पोरीला तिथेच ठेवून घरी जाते.