पातेलं पाण्यात सोडताना

आधी पारबताबाईंचं नाव लिहिते, मग काय झालं ते सांगते. त्या आमच्या गल्लीत दोन घरं सोडून मुलाच्या नव्या घरकुलात राहतात. तलावातली मासेमारी हेच त्यांच्या घरचं काम. त्या नसत्या तर माझ्या सासूबाई आज माझ्याकडे नसत्या, हे मी देवाला स्मरून लिहिते. मी सातवीपर्यंतच शिकले. लिहिण्यात काही चुकलं तर पदरात घ्यावं.

आम्ही बेने इस्राएल, मूळचे अलिबागकडचे. आमच्या पूर्वजांचा तेलाचा धंदा होता आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. माझे यजमान ब्रह्मपुरीजवळच्या एका राईस मिलमध्ये फिटर आहेत. लग्न झाल्यापासून मी इकडेच, समुद्रापासून फार लांब. भाड्याच्या खोल्यांतून दिवस काढताना धर्माचे नियम माझ्या हातून ढिले पडले, हे मी कबूल करते. दहा बिऱ्हाडांच्या एका नळावर कुठलं कोशेर आणि कुठलं काय. कोशेर म्हणजे आमच्या धर्माप्रमाणे खायला योग्य. डुक्कर, झिंगे, खेकडे, बिनखवल्यांचा मासा आम्हाला चालत नाही, मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आणि ज्या भांड्यात असलं काही शिजलं ते भांडंही चालत नाही. सासूबाईंनी हे जन्मभर पाळलं. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्या खोलीवर आल्या, तेव्हा आठ दिवस केळी आणि भिजवलेल्या पोह्यांवर राहिल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडल्या आणि यजमानांनी त्यांना परत नेऊन सोडलं.

या वेळी परत न्यायला जागाच नव्हती. धाकटे दीर इस्राएलला गेले, गावचं घर विकलं, आणि त्या पैशातून आम्ही पारबताबाईंचं हे दोन खोल्यांचं कौलारू घर घेतलं. सासूबाई शुक्रवारी दुपारी यायच्या होत्या. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, मग चूल पेटवता येत नाही. म्हणजे त्याच्या आत माझ्या हातचं अन्न त्यांच्या पोटात जायला हवं होतं. आजारपणाने त्या अर्ध्या झाल्या होत्या. आणखी आठ दिवस केळ्यांवर काढायची ताकद त्यांच्यात नव्हती.

मी गावच्या हज्जानांना, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं. धातूचं भांडं घासून एक पूर्ण दिवस वापराविना ठेवायचं, मग त्यात काठावरून उतू जाईपर्यंत पाणी उकळायचं. तवा विस्तवात लाल करायचा. मग सगळं नदीच्या नाहीतर तलावाच्या पाण्यात आशीर्वादाची प्रार्थना म्हणत बुडवायचं आणि बुडवताना हात ढिला सोडायचा, म्हणजे पाणी सगळीकडून लागतं. मातीच्या वस्तूला मात्र उपाय नाही, ती टाकायची. "आणि मातीची चूल असली तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "तीही मोडायची, बाळा."

स्वयंपाकघरात चूलच होती. गॅस आमच्या नावावर व्हायचा होता. ती चूल पारबताबाईंनी स्वतःच्या हातांनी घातलेली, तिच्या कडेला त्यांच्या बोटांच्या रेघा होत्या. शिवाय घर रिकामं देऊ नये म्हणून त्या आपल्या लग्नातलं मोठं पितळी पातेलं तांदळाने भरून चुलीवर ठेवून गेल्या होत्या. आता या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते की तुमच्या चुलीवरचं आम्हाला चालत नाही? त्यांच्या माणसांनी जातीवरून असलं बोलणं आयुष्यभर ऐकलेलं. मी रविवारी मोडणार होते, सोमवार गेला. मंगळवारी सकाळी पहार, इकडे सब्बल म्हणतात ती, हातात घेतली आणि चुलीसमोर बसून रडायला लागले. एलियाहू हन्नाबी आमचा पाठीराखा नबी. अडलेल्याकडे तो कुठल्याही रूपात येतो असं आमच्यात मानतात. त्याच्या नावाने मी मलिद्याचा, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाचा, नवस बोलले. खरं सांगायचं तर विश्वासाने नाही, भीतीने बोलले.

तेवढ्यात मागच्या दाराने पारबताबाई आल्या. त्यांचा वरवंटा इथेच राहिला होता, तो न्यायला.

"काऊन वो बाई, सब्बल घेऊन रडून राह्यली? साप निघाला का?"

मी सगळं सांगून टाकलं. अडखळत, पुन्हा पुन्हा माफी मागत. त्या उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "एक सांग. हे घर पाटलाचं असतं, तरी फोडली असती?"

"हो."

"बामणाचं?"

"ती पण मोडावी लागली असती, पारबताबाई."

"आमदाराचं?"

"आमदाराची पण."

त्या फस्सकन हसल्या. "मंग फोडू. मले वाटलं, फक्त आमचीच." सब्बल त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. "माये मालक वारले तवा तेरवीच्या आधी म्या हेच केलं. गाडगे-मडके बाहेर, चूल फोडली, तांब्या-पितळ विस्तवावरून काढलं. तुमचा देव काही नवीन सांगून नाई राह्यला."

पहिला घाव त्यांनीच घातला. दुपारी वारुळाची माती आणली, तणस, म्हणजे धानाचा पेंढा, बारीक करून मिसळलं, आणि अंगणाच्या सावलीत बसून उचलून आत नेता येईल अशी नवी चूल थापली. मी पाणी घालत होते. "शुक्रवारपर्यंत वाळेल का?" मी दहा वेळा विचारलं असेल. "वैशाखाचं ऊन आहे इथलं," त्या म्हणाल्या, "तू बसली तं तूपण वाळशीन."

गुरुवारी अंगणात तीन कोरे दगड मांडून आम्ही पातेल्यात पाणी उकळलं. ते उतू जाऊन निखारे विझले तेव्हा पारबताबाई मला "झालं?" असं डोळ्यांनी विचारत होत्या. तवा लाल केला. राहिलं होतं तलावाचं काम, आणि तिथेच अडलं. तलावाच्या वाटेवर वाघ फिरत होता. वनरक्षक गावात सांगून गेला होता की कोणी एकटं जायचं नाही. यजमान सासूबाईंना आणायला नागपूरला गेलेले. मी पुन्हा घाबरी झाले.

शुक्रवारी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर पारबताबाई आपल्या जावेला आणि शेजारच्या दोघींना घेऊन दारात उभ्या. प्रत्येकीच्या हातात माझं एकेक भांडं आणि एकेक काठी. सगळी वाट त्या भांडी बडवत चालल्या. "वाघाले सांगा लागते, बाया येऊन राह्यल्या म्हणून," पारबताबाई म्हणाल्या. जाऊ म्हणाली, "तो म्हणन, भांडे तं आणले, जेवण कुठी आहे?" शेजारीण म्हणाली, "जेवण तूच आहेस, चूप चाल." मी भीतीने हसत होते, पण हसत होते.

उन्हाळ्यामुळे तलावाचं पाणी आत सरकलेलं. चिखलात पाय रुतत होते. मी कंबरेएवढ्या पाण्यात गेले, आशीर्वाद म्हटला, एकेक भांडं बुडवून पारबताबाईंच्या हातात दिलं. शेवटी ते पितळी पातेलं. मी ते बुडवायची आणि पुन्हा घट्ट धरायची. पातेल्याच्या कानाखाली बोट राहिलं का, तिथे पाणी लागलं का? तीनदा झालं, चारदा झालं. आठवडाभर मी अशीच जगत होते, सगळं मुठीत आवळून. पाचव्यांदा हात खरोखर ढिला केला. पातेलं कलंडलं, एक मोठा बुडबुडा आला आणि ते गेलं.

मी ओरडले. कोणाच्या तरी लग्नातलं पातेलं, घराचा पहिला मान, आणि मी ते चिखलात घालवलं. हातांनी पाणी ढवळायला लागले.

"थांब," पारबताबाई म्हणाल्या. "गढूळ नको करू. उभी राह्य."

त्या माझ्या पुढे गेल्या, छातीएवढ्या पाण्यात. खाली बघत नव्हत्या. तळावरून पावलं सरकवत चालल्या होत्या, चिखलात दडलेला मासा पायाने शोधतात तशा. मी नुसती उभी होते. आठवड्यात पहिल्यांदा माझ्या हाताला काही काम नव्हतं. मनातली "शेमा" प्रार्थना अर्ध्यावर आली असेल, आणि त्या थांबल्या. डुबकी मारली. वर आल्या तेव्हा पातेलं डोक्याच्याही वर होतं आणि त्यातून पाणी गळत होतं.

"तू म्हणे का याले कोणाचा हात नाई लागला पाह्यजे," धापा टाकत त्या म्हणाल्या. "तळाशी पडलं होतं पूर्ण. ना तुया हात, ना माया. आता तरी झालं का?"

मी होकाराची मान हलवली. ज्या गोष्टीसाठी मी इतकी जपत होते, ती मी जपणं सोडल्यावरच पुरती झाली होती. याला कोणी योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. मी तिथे पाण्यात उभी होते, एवढंच सांगते.

दुपारी सासूबाई आल्या. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनं ठेवलेल्या डबीला, हात लावून ओठांना लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. पारबताबाईंनी सकाळचा रोहू खवल्यांसकट पाठवला होता. सासूबाईंनी त्याच्यावरून अंगठ्याचं नख उलटं फिरवलं, खवले पाहिले, मग चुलीकडे पाहिलं. "चूल नवी?" "हो आई." "पातेलं?" मी सगळं सांगितलं, बुडण्यापर्यंत. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ. शब्बाथ लागायच्या आत." नारळाच्या रसातलं रोहूचं कालवण आणि त्या पातेल्यातला भात त्यांनी खाल्ला. मी पदर तोंडात धरून उभी होते. त्यांनी ताट पुढे केलं. "थोडा भात अजून."

शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर मी बोललेला मलिदा केला. मिलच्या बाजूचेच पोहे, गूळ, नारळ, फळं. प्रार्थना झाल्यावर पहिली ताटली सासूबाईंनी पारबताबाईंना दिली. दोघी म्हाताऱ्या उंबऱ्यावर बसून खात होत्या.

"तुमच्या समुद्राले दुसरा काठ दिसते का?" पारबताबाईंनी विचारलं.

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या.

"मंग पाय कुठी टेकते माणूस?" बराच वेळ त्यांना ते पटेना. सगळा जन्म पाण्यात काढलेल्या त्या बाईने समुद्र पाहिला नाही.

आता मी रोज त्याच चुलीवर रांधते. कधी जीव घाबरा झाला की पातेल्याच्या कानावरचा हात जरा ढिला करते आणि मनात नाव घेते. कोणाचं, ते देवाला माहीत. हे ऋण जेवणाने किंवा साडीने फिटणारं नाही. पण एक दिवस मी पारबताबाईंना आमच्या किनाऱ्यावर नेणार आहे. त्या घाबरतील, लुगडं वर धरून काठाशीच थांबतील. तेव्हा मी त्यांचा हात धरून पुढे होईन. तिथला तळ माझ्या पायांना माहीत आहे.